वेणी कुणी घातली?

नवरा : ...म्हणूनच विचारतोय मॅडम, हिची ही वेणी कुणी घातली?

फिजिओ : त्यांनीच. स्वतःच्या हातांनी.

नवरा : मला गंडवू नका. जन्मभर कारखान्यात माल तपासलाय मी. सकाळी घरून निघताना मी हिच्या केसांना रबर लावतो, ते वाकडंच बसतं. तुमच्याकडून बाहेर येते ती अशी घट्ट वेणी घालून. घरी हिच्या उजव्या हातात कंगवासुद्धा राहत नाही.

फिजिओ : इथे राहतो.

नवरा : तेच तर. अर्धांगाचा झटका काय पत्ता बघून येतो? दार लावून घेता, मला बाहेर बाकावर बसवता, आणि मग सांगता, सुधारणा आहे.

फिजिओ : तुम्हाला संशय येणारच. मलाही आला होता. फक्त माझा तुमच्यावर होता.

नवरा : माझ्यावर?

फिजिओ : घरी यांच्या हातून कंगवा पडला की तुम्ही काय करता?

नवरा : उचलतो. केस विंचरून देतो. बटणं लावतो, भरवतो. बायको आहे माझी.

फिजिओ : आणि नाही पडला तर?

नवरा : तर काय? पेपर वाचतो.

फिजिओ : आम्हाला शिकवतात, ज्या हालचालीमागून काही चांगलं मिळतं ती शरीर धरून ठेवतं. जिच्यामागून काहीच मिळत नाही ती सोडून देतं. इथे वेणी जमली की आम्ही दोघी आरशात बघून हसतो. घरी मात्र कंगवा पडला तरच काहीतरी मिळतं.

नवरा : म्हणजे ही नाटक करते?

फिजिओ : नाटक नाही हो. हात खरंच गळतो. पण असाच गळत राहिला तर तेच त्याच्या अंगवळणी पडेल. मग इथेही कंगवा धरणार नाही. मला त्याची भीती वाटते.

नवरा : झालं, खापर माझ्या डोक्यावर. ए, तू सांग खरं काय ते. मान खाली घालू नकोस. मॅडमनीच घातली ना वेणी?

बायको : मी घातली.

नवरा : मग घरी काय होतं?

बायको : घरी तुम्ही असता.

नवरा : हे काय उत्तर झालं?

बायको : इतक्या वर्षांत माझ्या केसांना कधी हात लावला होतात? आता रोज पाठीशी उभे राहता. गुंता सोडवताना विचारता, दुखलं का. हात बरा झाला की परत पेपरात तोंड घालाल. मला हात हवाच आहे. पण तुमचं ते विचारणं जाईल म्हणून जीव घाबरतो.



नवरा : यावर काही औषध आहे का, मॅडम, तुमच्या पुस्तकात?

फिजिओ : क्रम उलटा करा. आधी यांनी विंचरायचं. कितीही वेळ लागो, कंगवा दहादा पडो, तुम्ही उचलायचा नाही. विंचरून झालं की वेणी तुम्ही घालायची.

नवरा : आणि पूर्ण बरी झाली की?

फिजिओ : तेव्हाही.

नवरा : मला कुठे येते वेणी?

बायको : तीन तर पेड असतात. शिकवते मी. आणा हात इकडे.

नवरा : अगं, उजव्या हाताने धरलंयस तू मला.

बायको : माहितीये. तुम्ही केसांकडे बघा.