गाई हटेपर्यंत

आमचं घर इकडे बुंदेली मुलखात, लक्ष्मी गेटचं. पूर्वज मराठा फौजेबरोबर आले ते इथलेच झाले, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. मी मोठ गावाच्या पुढे शेतांमधल्या हवाईपट्टीवर काम करते, विमान चालवायला शिकवणारी लहानशी शाळा आहे, तिथली जमिनीवरची सगळी व्यवस्था माझ्याकडे. माझी सून नेहा तिथेच शिकवते. बुंदेली घरातली आहे, मराठी समजतं, बोलत नाही, मला मम्मीजी म्हणते.

आता काय सांगू तुम्हाला, आमच्याकडे पीक निघालं की लोक गाई मोकळ्या सोडतात, अन्ना म्हणतात त्यांना, आणि त्यांना आमची पट्टी फार आवडते. कुंपण घातलं तर वाकवून येतात. त्या दिवशी नेहा एकटीच विमान घेऊन गेली होती, उतरताना गाय आडवी आली, हिनं विमान पुन्हा उचललं, पण पुढचं चाक जोरात आपटलंच. डोक्यावरून गेली तेव्हा मिस्त्री दुर्बिणीतून बघून म्हणाला, दीदी, चाक तिरपं झालंय. ग्वाल्हेरपर्यंत जाण्याइतकं इंधन नाही, म्हणजे उतरायचं इथंच, आणि तिरप्या चाकावर पुन्हा उचलाउचली होणार नाही.

आग विझवायची गाडी बोलावली, ती आली सायरन वाजवत, आणि बांधावर निवांत चरणाऱ्या सगळ्या गाई उधळून पट्टीवर. मी म्हटलं, भैया, पहले ये बाजा बंद करो. काठीनं हाकलल्या असत्या तर आणखी पांगल्या असत्या. शेजारच्या शेतातली काकी ट्रॉलीत हिरवी चरी, म्हणजे ओला चारा, भरत होती. म्हटलं, काकी, ही पट्टीबाहेर टाकत चला. ती म्हणाली, हमाई भैंस का खैहै? तिच्या म्हशीसाठीच होता तो. म्हटलं, माझी सून वर आहे. तिनं लगेच ट्रॅक्टर काढला, चरी टाकत निघाली, आणि सगळ्या गाई मागोमाग, वरात निघावी तशा.

रेडिओवर नेहा विचारतेय, मम्मीजी, पट्टी खाली हुई? म्हटलं, दोन वासरं राहिलीत. म्हणाली, उनसे कहिए जल्दी करें.

वासरं गेली, ती आली. मागची दोन चाकं टेकवली, इंजिन बंद केलं, नाक वर धरून ठेवलं, ठेवलं, आणि वेग सरला तेव्हा हळूच खाली सोडलं. पुढच्या चाकाचा दांडा मोडला, पंखा वाकला. नेहा दार उघडून उतरली, पाणी मागितलं, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

गाई अजून येतात, त्यांनी तरी जावं कुठं. नेहा रोज उडते. मी नवससायास करणारी नाही, पण चाकं टेकल्याचा आवाज आला की मनात म्हणते, सुखात राहा गं पोरी, आणि पुढच्या विमानासाठी पट्टी बघायला निघते.