तिसरा नट

(गाड्या दुरुस्त करायची शेड, भर दुपार. खड्ड्यावर एक पांढरी गाडी उभी आहे. खाली खड्ड्यात लेक, वर स्टुलावर तिचे वडील, म्हणजे उस्ताद, आणि गाडीला टेकून गाडीची मालकीण, टेलरबाई.)

उस्ताद : पुढचं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, बाई. म्हणून मी हे कुणाला सांगतच नाही. पण तुम्ही आता आलाच आहात, निवांत बसलाच आहात...

टेलरबाई : मी बसलेली नाही, उस्ताद. उभी आहे. आणि मला गोष्ट नकोय, गाडी हवीय. चार वाजता आईला दवाखान्यात पोचवायचंय.

उस्ताद : चारला ना? अजून दीड वाजतोय. तेवढ्यात तर उस्तादाने आख्खं इंजिन उतरवून परत चढवलं असतं, मधे एक झोपही काढली असती. विचारा कोणालाही.

लेक : (खालून) कोणाला विचारू नका, ताई. बाबा, तुम्ही मंगळवारी ही गाडी केलीत ना? सायलेन्सरच्या पुढच्या पाइपाचा जोड?

उस्ताद : केली म्हणजे काय! तेच तर सांगतोय. मंगळवार. सकाळची वेळ. उस्ताद खड्ड्यात उतरला. वर गाडी, खाली उस्ताद, मधे तीन नट. पहिला नट शहाण्या सुनेसारखा, जिथे सांगितलं तिथे बसला. दुसरा थोडा कुरकुरला, पण बसला. आणि तिसरा! बाई, उभ्या जन्मात असा नट पाहिला नाही. मी सव्वा आटा पुढे फिरवला की तो अर्धा आटा आपणहून मागे यायचा.

टेलरबाई : नट आपणहून मागे येतो?

उस्ताद : म्हटलं ना, विश्वास बसणार नाही.

लेक : ताई, काल काय झालं ते मला सांगा. यांचं चालू द्या.

टेलरबाई : काल आईला मावशीकडून घेऊन येत होते. थंडी वाजते तिला, म्हणून काचा लावलेल्या. आधी नुसता फट्‌फट्‌ आवाज. मग धुराचा वास यायला लागला. म्हटलं, पुढचा टेम्पो धूर सोडतोय. घरी येऊन पाहते तर आई मागच्या सीटवर झोपलेली. हाक मारली, उठेना. हलवलं, तेव्हा डोळे उघडले. म्हणे, डोकं भयंकर दुखतंय. मला आधी वाटलं औषधाचं असेल.

लेक : औषधाचं नाही. जोडातून धूर निघतोय, तो खालून आत शिरतोय. काचा उघड्या ठेवा, आज तरी.

टेलरबाई : आज तरी म्हणजे? आठवड्यातून तीन वेळा नेते मी तिला. रक्त धुवायला. एक दिवस चुकवता येत नाही आणि दुसरी गाडी नाही. तुम्ही काल-परवाच तर केलंत ना काम?

उस्ताद : केलं, केलं. अगदी माझ्या आईसाठी करावं तसं केलं.

लेक : बाबा, तिसरा नट हातमोजा घालून दोन बोटांनी फिरतोय.

उस्ताद : फिरणारच! सांगितलं नाही का, आडमुठा आहे तो?

लेक : आणि वर पिवळी रेघ आहे.

टेलरबाई : कसली रेघ?

लेक : आमच्याकडे नट मापाने आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. आवळून झाल्यावर. रेघ दिसली की पुढच्या माणसाने समजायचं, हा झाला, याला आता कोणी हात लावायचा नाही. बाबांनीच घातलेली पद्धत आहे. मी सात वर्षांची असताना मला पहिल्यांदा रेघ ओढायला दिली होती.

उस्ताद : आणि हिने काय केलं विचारा! नटावर ओढायची सोडून माझ्या मिशीला रेघ ओढली. आठवडाभर गिऱ्हाइकं म्हणत होती, उस्ताद आवळून झाला, आता याला कोणी हात लावू नका.

टेलरबाई : (हसत) हे मात्र खरं वाटतंय.

लेक : हे खरंच आहे. बाबा, न आवळलेल्या नटावर तुम्ही रेघ ओढलीत?

उस्ताद : तुझ्या जन्माआधीपासून आवळतोय मी. न आवळलेल्या नटावर रेघ? त्यापेक्षा कपाळावर ओढून घेईन.

टेलरबाई : मला यातलं कळत नाही, पण ढिला असेल तर आवळून टाका की आत्ता. पाना लावायचा आणि घट्ट फिरवायचा, एवढंच ना?

उस्ताद : घट्ट? बाई, तुम्ही शिवणयंत्राचा दोरा किती घट्ट लावता?

टेलरबाई : कापड बघून. जास्त ताणला तर शिवणीला चुण्या पडतात, नाहीतर दोरा तुटतो. सैल सोडला तर खाली झिपऱ्या लोंबतात.

उस्ताद : बघ, पोरी! बाईंना एका वाक्यात कळलं. तुझ्या कोर्सच्या मास्तरांना सहा महिने लागले. इथेही तेच. याचं माप चाळीस. कमी आवळला तर धूर, जास्त आवळला तर स्टड तुटतो, म्हणजे नट ज्या दांडीवर बसतो ती दांडी. आणि ती तुटली की तुटका तुकडा आत अडकतो, मग दोन दिवस ड्रिल मारत बसा. तिन्ही नट पाळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. एकाचेच लाड केले की जोड वाकडा बसतो.

टेलरबाई : मग आता कसली वाट बघतोय आपण?

लेक : पाइप गार व्हायची, ताई. तुम्ही तीस किलोमीटर चालवून आणलीत गाडी. तापलेल्यावर आवळलं की माप चुकतं, वर स्टड तुटण्याची भीती. पंखा लावलाय. अर्धा-पाऊण तास द्या.

टेलरबाई : पाऊण तास.

उस्ताद : म्हणून तर म्हटलं, बसा. उस्ताद तेवढ्यात सगळं सांगेल. तर तो तिसरा नट. उस्ताद म्हणाला, बेटा, तू मला ओळखत नाहीस. पेटी उघडली. टॉर्कचा पाना काढला. फडक्याने पुसला. चाळीसवर फिरवला.

टेलरबाई : हा कोणता पाना?

लेक : मापाचा. आकड्यावर लावून ओढायचा. माप भरलं की आतून टिक करतो आणि हाताला एक झटका लागतो. मग थांबायचं.

उस्ताद : टिक! ही टिक म्हणते. त्या दिवशीची टिक, बाई... ओढला पाना, आणि अशी टिक वाजली की पलीकडचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून धावत आला. म्हणे, उस्ताद, गोळी कोणाला लागली?

लेक : न्हावी पंधरा दिवसांपासून गावाला गेलाय.

उस्ताद : त्याचा भाऊ असेल. तोंड सारखंच आहे.

लेक : त्याला भाऊ नाही.

उस्ताद : म्हणजे न्हाव्याचा भाऊ नाही म्हणून माझा नट ढिला? कसलं शिक्षण गं हे!

लेक : बाबा, मी भांडत नाहीये. नीट ऐका. हाताने आवळला असेल तर हाताने म्हणून सांगा. विसरला असाल तर विसरलो म्हणा. मी परत आवळते, ताईंची माफी मागते, झालं. गेल्या महिन्यात दोन स्टड तुटले. तुम्ही म्हणालात, लोखंड खराब. मी म्हटलं, बरं. मग मीच ठरवलं की यापुढे मापाच्या पान्याशिवाय तुम्ही जोडाला हात लावायचा नाही. तुम्ही हो म्हणालात.

उस्ताद : म्हणालो. आणि पाळलं. पाना लावला, टिक वाजली, रेघ ओढली.

लेक : शपथ?

उस्ताद : तुझ्या आईची.

लेक : बाबा, तो पाना सोमवारपासून इथे नव्हताच. तपासणीला पाठवला होता मी. आज सकाळी परत आला, हा काय माझ्या हातात. मंगळवारी पेटी रिकामी होती.

टेलरबाई : अगंबाई.

उस्ताद : ...सोमवारी पाठवलास? कोणाला विचारून?

लेक : तुम्ही पेटी उघडलीच नाहीत.

उस्ताद : मग असं सांग ना आधी! म्हणजे त्या दिवशी पाना नव्हता म्हणून उस्तादाने... बरोबर, आता आठवलं! म्हणूनच तर सांगत होतो की विश्वास बसणार नाही! पान्याशिवाय आवळला, नुसत्या मनगटाने. टिक माझ्या मनगटाची होती. कंपनीचा इंजिनिअर आला होता एकदा, डोळ्यांवर पट्टी बांधून माझ्याकडून बारा नट आवळून घेतले, मग आपल्या यंत्राने मोजले. बाराही चाळीस. तो त्याच दिवशी नोकरी सोडून गेला. आता फुलं विकतो.

टेलरबाई : उस्ताद, माझी आई काल उठत नव्हती. मी ओरडायला आलेली नाही. ओरडून काय होणार? मला फक्त एवढंच सांगा, आज चारला मी तिला या गाडीत बसवू की नको?

उस्ताद : बसवा. बसवा, बाई. मी आहे ना.

लेक : तुम्ही आहात म्हणूनच त्या विचारतायत, बाबा.

उस्ताद : पोरगी मोठी झाली की बापाची अशी उलटतपासणी घेते बघा. हिला पहिली गाडी मीच चालवायला शिकवली. हिने थेट भाजीच्या गाडीत घातली. मी काय म्हटलं? म्हटलं, भाजी चुकीच्या बाजूला उभी होती.

लेक : तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. मला ते चालायचं. आता मला कळत नाहीये तुम्ही कोणासाठी बोलताय.

टेलरबाई : जाऊ दे, मुली. उस्ताद, तुमच्या शर्टाची बटणं एक घर चुकलीत. वरून खालपर्यंत. मगापासून बघतेय, आमच्या धंद्यातल्या माणसाला राहवत नाही.

उस्ताद : मुद्दाम. हवा खेळती राहते.

टेलरबाई : लावून देऊ का?

उस्ताद : नको, नको. मी लावतो. लावतो नंतर. सकाळची घाई असते ना, आणि हल्ली बटणंही किती बारीक करतात, मुंग्यांना घालायला केल्यासारखी.

लेक : मी मागच्या रविवारी मोठी बटणं लावून दिलीत त्याला.

उस्ताद : हिला सगळं पाठ असतं. बाई, दोन वाजायला आले. पाइप झाला असेल गार. उस्ताद बघून येतो.

लेक : तुम्ही नका उतरू. मी हातमोजा घालून बघते.

उस्ताद : हातमोज्याला काय कळतं? लोखंड कसं आहे ते कातडीने कळतं. जरा सरक. सरक म्हणतो ना. चाळीस वर्षं या खड्ड्यात उतरतोय, हा खड्डा माझ्या पायाच्या मापाचा खणलाय.

लेक : सावकाश. पायरी आहे.

उस्ताद : दिसतेय पायरी. बाई, आता बघाच. तुमची गाडी आज उस्ताद स्वतः आवळणार, ही मापाचा आकडा वाचेल, आणि तुम्ही चारच्या आत आईला घेऊन दवाखान्याच्या दारात. वर काचा बंद करून जा. माझी जबाबदारी.

टेलरबाई : आधी गार झालाय का ते तर बघा.

उस्ताद : बघतोच. हा पकडला. वा! काय गार झालाय! विहिरीच्या पाण्यातून काढल्यासारखा. दे पोरी, पाना दे. टेकवून धरलाय मी पाइप. दुसऱ्या हाताने आवळतो.

लेक : बाबा...

उस्ताद : अगं, दे ना! बाईंना उशीर होतोय. तुला सांगतो, असाच एकदा एका ट्रकचा पाइप मी धरून ठेवला होता, ड्रायव्हर म्हणाला, उस्ताद, तुमचे हात आहेत की...

टेलरबाई : कसला वास येतोय हा? इस्त्रीखाली काही करपलं की येतो तसा.

उस्ताद : बाहेर कोणीतरी कचरा पेटवला असेल. पाइप गार आहे, पोरी. दगडासारखा गार. दे.

लेक : बाबा, तो गार नाहीये. हात काढा... हात काढा ना, बाबा.