वेगळी चक्की

—नाही, भरडून नाही देणार मी. दाणे हवे तेवढे न्या, कुट्टू परवाच आलाय डेलोरेन गावाहून, मोड आणून वाळवलेला, पण चक्कीत टाकायचा नाही. ती कोपऱ्यातली ना? ती जवाची. दुकानातलं सगळं गिऱ्हाईक बिअरचा जव तिच्यातच भरडतं. जवात ग्लूटेन असतं, कुट्टूत नसतं. आणि तुमच्या लेकीला ते चालत नाही म्हणताय, लग्नात तिलाही ग्लास उचलता यावा म्हणून घरी बिअर करताय — मग? ब्रशनं पुसून? अहो, ब्रशनं पुसून झालंय माझं! …माफ करा. आवाज चढला. बसा त्या पिंपावर, बसा.

माझ्या नवऱ्याला, ट्रेवरला, तोच आजार. बावन्नाव्या वर्षी कळलं. पाव सोडला, केक सोडला, कुरकुर नाही. पण तीस वर्षं मागच्या शेडमध्ये स्वतः बिअर करणारा माणूस, तो रिकामी पिंपं धुऊन धुऊन ठेवायला लागला. मला बघवेना. म्हटलं, कुट्टूची करून बघू. पहिल्या खेपेला नुसती खळ झाली, नळीतून थेंब उतरेना — कुट्टूला जवासारखं तूस नसतं ना, गाळ बसतो. दुसऱ्या खेपेला भाताचं तूस घातलं. तिसरी जमली. तांबूस, भाजल्या दाण्यासारखा वास, वर जाड फेस. ट्रेवरनं ग्लास संपवला आणि न बोलता दुसरा भरला. याहून जास्त कौतुक त्याला येत नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी माझ्या हातानं ओतून द्यायची. आणि तो वाळत चालला. पोट बिघडलेलं, पट्ट्याला दोन भोकं नवी पाडली. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाला, हे कुठेतरी चोरून खातायत. ट्रेवर म्हणाला, नाही. आता तुम्हीच सांगा, कुणावर विश्वास ठेवायचा? मी डॉक्टरवर ठेवला. त्याच्या गाडीचे कप्पे उचकले, कोटाचे खिसे हुंगले. बेकरीत जाऊन विचारलं — चार माणसांसमोर, एवढ्याशा गावात — ट्रेवर येतो का इथे? घरी जेवताना तोच विषय. मी म्हणायची, बाकी काही नाही तर ही बिअर तरी पी, ही तुला चालते.

मग एका रविवारी त्यानं काटा खाली ठेवला आणि म्हणाला, "हो, मॉरीन. खातो मी. सॉसेज रोल घेतो आणि नदीवर गाडीत बसून खातो. झालं समाधान?"

मी रडले आणि त्याला माफ केलं. हो, मी त्याला माफ केलं! पुन्हा नाही खाणार, असं वचनसुद्धा घेतलं.

तीन आठवड्यांनी ही चक्की अडकली म्हणून उघडली. रुळांखालचा पत्रा काढला, तर आत जवाचं पीठ, दोन बोटं जाड, दाबून बसलेलं. वर्षानुवर्षांचं. मी नुसतं वरून पुसत होते. त्याचा कुट्टूही मी हिच्यातच भरडायची. म्हणजे त्याच्या प्रत्येक ग्लासात…

दुसऱ्या दिवशी शहरात, लॉन्सेस्टनला जाऊन नवी चक्की आणली. ती घरीच असते, कुट्टूशिवाय तिच्यात काही जात नाही. चार महिन्यांत ट्रेवरचं वजन सहा किलोनं वाढलं. डॉक्टर खूश, म्हणाला, शिस्त लागली वाटतं. ट्रेवर हसला, म्हणाला, बायकोची कृपा. म्हणजे एक रोलही खाल्ला नव्हता हो त्यानं. भांडण मिटावं म्हणून खोटं कबूल केलं. बेकरीतली ती बाई अजून रस्त्यात चिडवते, काय ट्रेवर, बांधून देऊ का एखादा पाव? आणि तो हसतो. दोन वर्षं झाली, हसतोच आहे.

त्याला? नाही सांगितलं. कसं सांगणार? त्यानं खोटं बोलून घर सावरलं, ते मी खरं बोलून मोडू? त्याला काही माहीत नाही हेच बरं. तुम्हीही ही गोष्ट इथेच ठेवा.

काय म्हणालात? नव्या चक्कीचं काय सांगितलं त्याला? — काही नाही. त्यानं विचारलंच नाही. नाही म्हणजे… अहो, हा माणूस मी नवा चमचा आणला तरी विचारतो, जुन्याला काय झालं होतं म्हणून. आणि चक्की — चालती चक्की दुकानात असताना दुसरी आणली, तर खोक्यातून त्यानंच काढली, ओट्याला स्क्रूनं त्यानंच बसवली, मी शेजारी टॉर्च धरून उभी, आणि एक शब्द नाही. मान खाली घालून एकेक स्क्रू पिळत होता. मला वाटलं, बरं झालं, विचारलं नाही…

…

पाच किलो म्हणालात ना? ही पिशवी घ्या, सीलबंद आहे. हातचक्की कोरी विकत घ्या, कुणाची मागून आणू नका. निघा आता. आणि जाताना दारावरची पाटी उलटी करा. हो, 'बंद'. दोनच वाजलेत, माहितीये मला.