दारातलं मशीन

अक्षदा : आठ दिवस झाले तुमी घरी येऊन. आपली भाविका तीन महिन्यांची, तिला एकदा उचललं नाय तुमी.

दीपेश : सर्दी हाय मला. सांगितलं ना.

अक्षदा : सर्दी नाय. ओटीवर वेगळे झोपता, ताट वेगळं ठेवता. सायनाथभावोजी बोलले, अणुवीज केंद्रात कायतरी झालं, म्हणून ठेकेदारानं घरी धाडलं तुमाला.

दीपेश : पाइपाचा जोड सुटला. अणुभट्टीचं पाणी अंगावर उडलं. बाहेर पडताना अंगावरची किरणं तपासणारं दारातलं मशीन वाजायला लागलं. कपडे काढून घेतले, तीनदा आंघोळ घातली, तेव्हा थांबलं. डॉक्टर म्हणाला, छातीचा फोटो काढताना जातात तेवढीच किरणं गेलीत. पंधरा दिवसांनी ये.

अक्षदा : नका जाऊ. भावोजी सिद्धगडाच्या पाड्यांवर सूर्यावरचे दिवे बसवतात. त्यांना जोडीला माणूस हवा.

दीपेश : त्यावर एक बल्ब पेटतो गो. श्रावणात आठवडाभर ऊन नाय, मग? गिरणी चालेल? दवाखाना? आमच्या भट्टीची वीज रात्रंदिवस येते, आणि धूर नाय. कोळशाच्या धुरानं माणसं मरतात, ती कोण मोजतं?

अक्षदा : येते तर आपल्या गावात, वैशाखऱ्यात का दिसत नाय? रोज बारा तास लोडशेडिंग. हिरीमावशीच्या पाड्यावर भावोजींनी लावलेला तो एक बल्ब तरी पेटतो. तो फुटला म्हणून कोणी पोरीपासनं लांब बसत नाय.

दीपेश : देशाला दोन्ही लागेल. मोठी वीज कोणीतरी बनवलीच पायजे.

अक्षदा : बनवू दे. डॉक्टर म्हणतो, आता काय धोका नाय. ते खरं ना?

दीपेश : खरं.

अक्षदा : मग घ्या हिला.

दीपेश : नको.

अक्षदा : का?

दीपेश : डॉक्टरचं पटतं मला. आकडे पण बघितले. पण हिच्याकडं हात केला की ते मशीन कानात वाजतं. चार वर्षं कामावरच्या नवीन पोरांना मीच सांगायचो, भिण्यासारखं काय नाय.

अक्षदा : मी पण भिते. रोज हिचं अंग चाचपून बघते. तरी तुमच्याजवळ बसले ना?

दीपेश : सायनाथला सांग, उद्या येतो मी. दिवे बसवताना शिडी धरीन.

अक्षदा : सांगते. हात पुढं करा. असे. मान सांभाळा.

दीपेश : (भाविकाला घेतो) किती जड झाली गो ही.