अस्वलाच्या छातीवरचा पट्टा

चहा प्या, पण गोष्टीच्या मधात हसाचं नाई. धानोऱ्याजवळच्या आमच्या गावात शहरातली एक चित्रकार बाई आली होती. जनावरांच्या पुस्तकासाठी ती लाकडाच्या फळीवर जनावर कोरायची, शाई फासायची अन् कागदावर छापायची. कोरलं तेवढं पांढरं राहाते, बाकी सारं काळं.

अस्वलाची पाळी आली तशी लोकं म्हणाले, "भाऊले विचारा. मोहाची फुलं वेचताना त्याईनं अस्वलासंग कुस्ती केली." तीस वर्षं मी हेच सांगून राह्यलो. गावात माझा मान त्याच्यावरच.

मी म्हटलं, "कोरा बाई. छातीले छाती भिडली होती. सारं काळंकुट्ट."

"छातीवर पांढरा पट्टा नव्हता?"

"मले शिकवता का? नव्हता."

तिनं तसंच छापलं. पाहाले सारं गाव जमलं. माझी बायको म्हणे, "बाई, पट्टा असतेच. पण ह्याईचं खोटं नाई. हे झाडावर चढून बसले होते, वरून पाठच दिसते."

बाईनं पटाशी घेतली अन् फळीवर दोन काप मारले. पट्टा आला, माझी कुस्ती गेली.