स्टेपनीची साक्ष

हॅलो? … हो, बोल ताई. … लॉन्ड्रीतच आहे गं, मागं मशीन चालू आहे, जरा मोठ्यानं बोल. … सोमवारपासून गाडीवर कोण? … तुझा दीर. हो, लक्षात आहे. … अगं ऐक ना, त्याला नको पाठवूस. … नको म्हणजे नको. ड्रायव्हरकाकांनी डिझेल चोरलेलं नाही.

… मीच म्हणाले होते, कबूल. लिटरला बारा देणारी व्हॅन साडेदहावर आली, तर संशय येणारच ना? … हो, तूही म्हणालीस. आपण दोघींनी मिळून त्या माणसाला चोर ठरवलं, आणि निघाले टायर. … टायर, टायर. गाडी जरा उंच, रुबाबदार दिसावी म्हणून मी मोठे घालून घेतले ते. … हो, तू फोटो बघून छान म्हणालीस तेच.

… कळलं कसं? सकाळी काकांना बोलावलं आणि तोंडावर विचारलं. धुणाऱ्या-इस्त्रीवाल्या सगळ्या बायकांसमोर. … माहितीये, चुकलंच. त्यांनी शिवणाऱ्या बाईकडून खडू आणि टेप मागून घेतली आणि आवारात गेले. मला वाटलं, डोकं फिरलं यांचं. … ऐक तर. टायरवर खडूची रेघ, बरोबर तिच्याखाली जमिनीवर दुसरी रेघ. मग आम्ही चौघींनी गाडी ढकलायची आणि यांनी वाकून बघायचं, टायरवरची रेघ पुन्हा खाली कधी येते ते. … हो, मीसुद्धा ढकलली. टेप दीडच मीटरची, दोनदा धरावी लागली. दोन मीटर चौदा सेंटिमीटर. मग जुना टायर. … कुठून म्हणजे? स्टेपनी! मी चारच बदलले होते, पाचवा जुनाच गाडीखाली पडून होता. तो काढला, तसाच घरंगळवला. दोन मीटर, चोख.

… अगं, चाक मोठं, म्हणून एका फेरीत गाडी जास्त पुढं जाते. पण मीटर जुन्याच चाकाच्या हिशेबानं चालतो. त्यानं शंभर किलोमीटर दाखवले, तेव्हा गाडी एकशे सात पळालेली असते. म्हणजे डिझेल एकशे सातचं जातं, हिशेबात धरले जातात शंभरच. … हो, मलाही दोनदा सांगावं लागलं.

… नाही, सगळा फरक त्यानं भरून निघत नाही, आणि तेच तर सांगतेय. मी म्हटलं, झालं, मिटलं. तर तेच म्हणाले, "थांबा, हा निम्माच झाला. नवे टायर जड आहेत, रुंद आहेत, तेवढं डिझेल खरंच जास्त जातं." सुटत होते गं ते, तरी उरलेला निम्मा लपवला नाही. मला इतकं कौतुक वाटलं त्यांचं, आणि स्वतःची तेवढीच लाज.

… दिराला? सांग, जागा रिकामी नाही म्हणून. … म्हणजे… किल्ली माझ्या टेबलावर ठेवलीय त्यांनी. … हो. "तुमची शंका फिटली, आता येतो मी," म्हणाले. … नाही, गेले नाहीत अजून. खिडकीतून दिसतायत. स्टेपनी परत गाडीखाली बसवतायत. नोकरी सोडून निघालेला माणूस, पण काढलेली वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय… थांब. पाना पुसायला घेतला त्यांनी.

… नाही ताई, नंतर बोलू. बायका सगळ्या आवारातच आहेत, त्या आत यायच्या आधी मला जायचंय. सगळ्यांसमोर बोलले, तर माफीही सगळ्यांसमोरच मागायला हवी. … हो, किल्ली घेतलीय हातात. ठेवते.