एकवीस बूट

पलटणीच्या पहिल्या फुटबॉल क्लबाच्या इतिहासासाठी एक तरुण कारकून टेबलाशी बसून जुन्या वस्तू गोळा करत होता. रांगेतल्या म्हातारीने गाठोडं टेबलावर आदळलं, तसे तिच्या मागच्या पेन्शनर हवालदाराने कान टवकारले.

"आजी, आम्हाला करंडक हवेत. ही पायताणं कशाला?" कारकून गाठोडं सोडत म्हणाला.

"करंडक साहेबांच्या कपाटात गेले, पायताणं आमच्या वाट्याला आली! माझा बाप पलटणीचा मोची. लढाईवर जाताना अकराही जणांनी खेळायचे बूट त्याच्याकडे शिवायला टाकले. आल्यावर नेतो म्हणाले."

"मग?"

"मग काय! कातडं आखडू नये म्हणून बाप मरेपर्यंत तेल लावत बसला."

"कुणीच आलं नाही?"

"आला एक. गोलकीपर. कुबड्या घेऊन."

"त्याने नेले ना त्याचे?"

"एकच नेला रे लेकरा. मोज, एकवीस भरतील."